भोंग्याचे बूच

(एस. वाय. बी. ए.)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास शेजारच्या काकूंनी मधल्या भिंतीवर लाटणे आपटले. आमच्या आणि त्यांच्या घरात चार इंचांची एकच भिंत आहे. मी ट्रंपेटवर सरगम घोटत होतो. लाटण्याचा पहिला ठोका मला तालाचाच वाटला; तिसऱ्या ठोक्याला मी थांबलो. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, रडकुंडीला आल्या होत्या. म्हणाल्या, "बाळा, दादा रात्रपाळी करून आलाय. आत्ता कुठं डोळा लागला होता त्याचा. तुझं वाजवणं चांगलंय रे, पण त्याला झोपू दे."

मी ट्रंपेट पेटीत ठेवला. दादा एम. आय. डी. सी.तल्या कारखान्यात यंत्रावर उभा असतो. झोप अपुरी झाली तर तेथे बोट जायला वेळ लागत नाही. काकूंचे खरे होते. पण मला रोज तासभर वाजवल्याशिवाय गत्यंतर नव्हते, हेही तितकेच खरे होते. तेव्हापासून मी एका प्रश्नाच्या मागे आहे: घरात ट्रंपेट हळू कसा वाजवावा?

कोणी म्हणेल, "वार्षिक अंकात कविता द्यावी, फार तर सहलीचे वर्णन द्यावे, भोंग्याच्या बुचावर लेख कसला लिहितोस?" पण मित्रहो, ज्याच्या घरात अभ्यासाची वेगळी खोली आहे त्याला हा प्रश्न पडत नाही. ज्याच्या घरात दोनच खोल्या, एक आजारी आजी, दहावीची बहीण आणि एक ट्रंपेट आहे, त्याला दुसरा प्रश्न सुचत नाही.

आमच्या घराण्यात कॉलेजचे तोंड पाहिलेला मी पहिलाच. वाद्याचे तोंड मात्र तीन पिढ्यांनी पाहिले आहे. आजोबा हलगी वाजवीत. अण्णा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी बँडपथकात शिरले आणि त्यांनी ट्रंपेट हाती घेतला. उत्तर प्रदेशातल्या मेरठला जली कोठी म्हणून भाग आहे. तेथे बँडची वाद्ये बनतात आणि १८८५ साली सुरू झालेली नादिर अली यांची पेढीही त्याच शहरातली. आमचा ट्रंपेट मेरठचाच, पण दुसऱ्याने वापरून विकलेला. त्यावरचे नाव केव्हाच झिजून गेले आहे. एका वरातीत तो अण्णांच्या हातून पडला, तेव्हापासून त्याचा भोंगा एका बाजूला किंचित चेपलेला आहे. या चेपीचा माझ्या प्रश्नाशी संबंध आहे, म्हणून सांगितले.

डी. जे. आल्यापासून बँडच्या सुपाऱ्या कमी झाल्या. आता जो खरोखर सुरात वाजवील तोच टिकेल, असे मला वाटते. पोलीस भरतीत बॅण्ड्समनची वेगळी पदे असतात. पदवी झाली की तेथे उतरायचा माझा विचार आहे. तेव्हा हा रियाज म्हणजे हौस नव्हे. माझ्या दृष्टीने तो अभ्यासच आहे.

"मग हळू वाजव की!" असे पुष्कळांनी सुचविले. ट्रंपेट हा रेडिओ नव्हे. त्याला आवाज कमी करायचे बटण नसते. ओठ थरथरले तरच सूर निघतो आणि ओठ थरथरायला फुंकीत जोर लागतो. अगदी मंद आवाजात स्थिर सूर लावणे ही पाच-दहा वर्षांच्या तयारीची गोष्ट आहे. शिकाऊ माणसाने हळू वाजवायचा प्रयत्न केला की सूर आधी कापतो, मग विझतो. शिवाय वरच्या पट्टीचे सूर पक्के व्हायचे तर ते पूर्ण फुंकीने वाजवायलाच हवेत. जोरात फुंकलेला ट्रंपेट भोंग्याजवळ शंभर डेसिबलच्या पुढे सहज जातो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. आमची चार इंचांची भिंत मधल्या फरकापैकी किती अडविणार?

पहिले उपाय घरगुतीच झाले. भोंग्यात टॉवेल कोंबून पाहिला. आवाज बसला, पण खालचे सूर गुदमरले आणि वरचे बेसूर झाले. मग आईने सुचविले म्हणून घडवंचीवरच्या गोधड्यांकडे तोंड करून वाजवू लागलो. हा उपाय वाटतो तितका हास्यास्पद नाही. ट्रंपेटच्या आवाजातला कर्कश, टोकदार भाग भोंग्यासमोर सरळ जातो, तो गोधड्या गिळतात. पण आवाजाचा जाड भाग चोहोकडे पसरतो आणि भिंतीतूनही जातो. काकू म्हणाल्या, "आता टोचत नाही, पण घुमतं." दादाची झोप त्या घुमण्यानेही मोडत होती.

शेवटी अण्णांच्या ओळखीचे, पोलीस बँडमधून निवृत्त झालेले एक मामा आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी पेटी उघडून निरनिराळी बुचे माझ्यापुढे मांडली. इंग्रजीत त्यांना म्यूट म्हणतात. सगळे म्यूट आवाज कमी करण्यासाठी असतात असा माझा समज होता. तो साफ चुकीचा निघाला.

पहिला स्ट्रेट म्यूट. हा शंकूसारखा असतो आणि त्याच्या अंगावर बुचाच्या लाकडाच्या तीन पट्ट्या असतात. पट्ट्यांच्या मधून हवा आणि आवाज दोन्ही बाहेर येतात. त्याने आवाज थोडा कमी होतो, पण अधिक पातळ आणि बोचरा होतो. दुसरा कप म्यूट. याच्या पुढे वाटीसारखा भाग असतो आणि आवाज मऊ होतो. तिसरा हार्मन. याच्याभोवती बुचाचे पूर्ण कडे असते, त्यामुळे सगळी हवा मधल्या भोकातूनच जाते. माइल्स डेव्हिस या अमेरिकन वादकाने याची मधली नळी काढून जो दबका, एकाकी सूर काढला, तो जगभर गाजला. ही सारी बुचे रंगमंचावरची. सुराचा रंग बदलावा यासाठी ती आहेत, शेजाऱ्याला झोप लागावी यासाठी नव्हेत.

रियाजाचा म्यूट हा प्रकारच वेगळा. भोंगा चहूबाजूंनी घट्ट बंद करायचा आणि श्वासापुरती दोन-चार बारीक भोके ठेवायची, एवढेच त्याचे काम. कोणी तो ॲल्युमिनियमचा करतो, कोणी प्लॅस्टिकचा, कोणी भोंग्याच्या आतच मावेल इतका आखूड करतो. यामाहा या जपानी कंपनीने १९९५ साली अशा म्यूटमध्ये मायक्रोफोन बसविला. वादकाने कानाला हेडफोन लावायचा, म्हणजे बाहेर कुजबूज आणि त्याच्या कानात मात्र जणू सभागृह. ज्याला परवडेल त्याने तो जरूर घ्यावा. मला परवडत नाही. आणि माझा कच्चा सूर कोणी सभागृहात घुमवून मला गोड करून ऐकवावा, हेही मला फारसे पसंत नाही.

आता मुख्य प्रश्न: यांतला निवडावा कोणता? मामांकडून दोन आणून आणि दुकानात दोन वाजवून मी जे शिकलो ते असे की, 'सर्वांत कमी आवाजाचा तो सर्वांत चांगला' हे सूत्र चुकीचे आहे. शांतता ही शेवटची कसोटी. तिच्याआधी चार कसोट्या आहेत.

पहिली कसोटी सुराची. ट्रंपेटची नळी उलगडली तर सुमारे दीड मीटर भरते. ओठांच्या थरथरीने तिच्यातली हवा हलते. पण ते सगळे हलणे बाहेर पडत नाही. बराच भाग भोंग्यापासून आतच मागे फिरतो आणि या येण्याजाण्यातून सूर उभा राहतो. आपण ऐकतो तो बाहेर निसटलेला भाग. भोंग्याला बूच लावले की मागे फिरण्याची जागाच बदलते आणि सूर बहुधा चढतो. ही गोष्ट नवी नाही. इटलीच्या मोंतेव्हेर्दी या संगीतकाराची 'ऑर्फेओ' नावाची संगीतिका १६०७ सालची. तिच्या आरंभी तुताऱ्यांचा तुकडा आहे आणि तुताऱ्यांना बूच लावायचे असेल तर तो एक स्वर वर धरावा, अशी सूचना तेथेच दिली आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या बुचाने अख्खा स्वर चढत असे. आजचे त्यामानाने पुष्कळ प्रामाणिक आहे.

पण सूर चढतो यात फारसे बिघडत नाही. सगळे सूर सारखेच चढत असतील तर सूर मिळविण्याची नळी थोडी बाहेर ओढली की भागते. खरी अडचण खालचे सूर एका मापाने आणि वरचे दुसऱ्या मापाने चढतात तेव्हा येते. तेथे कितीही नळी ओढा, सप्तक वाकडेच राहते. आणि रोज वाकडे सप्तक ऐकणाऱ्याचा कानही वाकडा होतो. म्हणून मोबाईलमधला सूर दाखविणारा काटा पुढे ठेवून खालचा, मधला आणि वरचा 'सा' लावून पाहावा. तीनही वेळा काटा सारखाच ढळला तर म्यूट चांगला.

दुसरी कसोटी श्वासाची. बारीक भोकांमुळे फुंक अडते. अडली की माणूस नकळत अधिक जोर करतो आणि माउथपीस ओठांवर दाबतो. महिनाभर असे झाले की ती सवय होते आणि बूच काढल्यावरही जात नाही. खालच्या पट्टीचा एक लांब सूर हळूच सुरू करून पाहावा. तो जोर न लावता बोलला तर ठीक. दुकानातला सर्वांत शांत म्यूट मी याच कारणासाठी नाकारला. त्याच्यात खालचा सूर उमटेचना. उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखे वाटले.

तिसरी कसोटी वजनाची. जड म्यूट भोंग्याच्या टोकाला बसतो, म्हणजे तराजूच्या लांब दांडीला टांगल्यासारखा. अर्ध्या तासात डावे मनगट भरून येते, भोंगा खाली झुकतो आणि त्याबरोबर माउथपीस ओठांवरून सरकतो.

चौथी कसोटी बसण्याची. बुचाचे कडे भोंग्याला सर्व बाजूंनी चिकटले पाहिजे. माझा भोंगा चेपलेला, त्यामुळे एका बाजूने फट राहून आवाज गळत होता. मामांनी बारीक पॉलिश पेपरने कडे थोडे थोडे घासून भोंग्याच्या आकाराला आणले. त्यांनी आणखी एक युक्ती शिकविली. भोंग्यात आतून उबदार श्वास सोडावा, जरा ओल धरली की म्यूट घालून किंचित फिरवावा. मग तो वाजविताना पडत नाही.

या चारांत उतरला की मग शांतता पाहावी. तीही आपल्या कानांनी नव्हे. मी बहिणीला काकूंच्या घरी, दादाच्या खाटेपाशी उभे केले आणि अलीकडून वाजविले. ती परत येऊन म्हणाली, "कुणीतरी लांब रेडिओ लावलाय असं वाटतं." तेवढे पुरे. अगदीच आवाज नको असेल तर ट्रंपेट विकून टाकावा! शेवटी मी ॲल्युमिनियमचा एक मध्यम वजनाचा म्यूट घेतला. लग्नसराईत दोन सुपाऱ्यांना अण्णांबरोबर गेलो होतो, त्या पैशांत तो आला.

खरा वाद मात्र त्यानंतर झाला, आणि तो अण्णांशी. त्यांनी म्यूट हातात घेऊन उलटसुलट केला आणि खाली ठेवला. म्हणाले, "आरं, जन्मभर लोकच आमाला गप करत आलं. वाजवायला फुडं बोलवायचं आन् जेवायला शेवटच्या पंगतीला. आता तू आपल्या हातानं तोंडात बूच घालतोस व्हय?"

मला उत्तर सुचले नाही. अण्णांचे दुःख मला ठाऊक आहे. आजोबांची हलगी गावाला सणाला हवी असे. सण सरला की ती वेशीबाहेर. आवाज करणे हाच ज्यांचा धंदा, त्यांना आवाजाचीच बोलणी खावी लागली. तरीही अण्णांचे म्हणणे मला पटत नाही. दुसऱ्याने तोंड दाबणे वेगळे आणि रात्रपाळीहून आलेल्या माणसासाठी आपण होऊन आवाज उतरविणे वेगळे. पहिल्यात अपमान आहे, दुसऱ्यात शेजारधर्म. दादाही आमच्यासारखाच हातावर पोट असलेला. त्याच्या झोपेवर पाय देऊन मला कोणता स्वाभिमान मिळणार होता?

आठ-दहा दिवस अण्णा त्या विषयावर बोलले नाहीत. एका रात्री सगळे निजल्यावर मला बारीक सूर ऐकू आला. अण्णा म्यूट लावून एक जुनी वरातीची चाल वाजवीत होते. आयुष्यभर त्यांनी रस्त्यावर, ड्रमच्या आणि फटाक्यांच्या गदारोळात वाजविले. स्वतःचा सूर एवढ्या जवळून त्यांनी कधी ऐकलाच नसावा. मधेच थांबून म्हणाले, "वरचा सा चढतोय की रं."

मी म्हटले, "तो म्यूटमुळे."

"म्यूटमुळं का माज्यामुळं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दोघे गावाबाहेरच्या माळावर गेलो आणि बूच काढून काटा पाहिला. दोष दोघांचाही निघाला; थोडा म्यूटचा, थोडा अण्णांचा. अण्णा कितीतरी वेळ हसत होते. पण त्या पहाटे मला एक गोष्ट कायमची समजली. म्यूटमध्ये ऐकलेला सूर खरा की खोटा, हे बूच काढल्याशिवाय कळत नाही. मामाही हेच सांगतात: घरात वीस मिनिटे वाजविलेस तर निदान दहा मिनिटे उघड्यावर वाजव. बूच हे उसनवारीसारखे आहे. वेळच्या वेळी फेडत राहिले पाहिजे.

आणि येथेच माझा प्रश्न घरातून निघून कॉलेजच्या दारात येतो. माळ घरापासून तीन किलोमीटर आहे. पावसाळ्यात तेथे उभे राहता येत नाही. कॉलेजात जिमखान्यामागे जुन्या बाकांची एक खोली आहे. सकाळी वर्ग भरण्यापूर्वी तासभर ती बंदच असते आणि तिच्या आसपास कोणाचे घर नाही. ती एक खोली, तो एक तास वाद्य वाजविणाऱ्या विद्यार्थ्यांना मिळावा, अशी माझी प्राचार्यांना आणि सर्व प्राध्यापकांना या लेखाद्वारे नम्र विनंती आहे. बाके आम्ही स्वतः एका बाजूला लावू, किल्ली वेळेवर परत करू.

मी एकटाच नाही. आमच्या वर्गात एकजण ढोलकी वाजवितो आणि घरमालकाच्या भीतीने तिच्यावर पोते घालतो. प्रथम वर्षाची एक विद्यार्थिनी सनई शिकते आहे. स्नेहसंमेलनाच्या दिवशी वाजविणारा सर्वांना हवा असतो. उरलेले ३६४ दिवस तो कोठे वाजवितो, हे कोणी विचारीत नाही. वाचणाऱ्यासाठी वाचनालय असते, खेळणाऱ्यासाठी मैदान असते. वाजविणाऱ्याला मात्र 'घरीच वाजव' म्हणतात, आणि घरी वाजविले की भिंतीवर लाटणे आपटते.

घरात बूच लावायला माझी ना नाही. काकूंचे लाटणे आता फक्त पोळ्या लाटते, याचा मला आनंदच आहे. परवा दादा दारात भेटला. म्हणाला, "हल्ली वाजवत नाहीस का रे?" मी म्हटले, "रोज वाजवतो." तो म्हणाला, "मग रविवारी ते बूच काढून वाजव. सुट्टी असते मला. ऐकू तरी दे."

येत्या रविवारी मी वाजविणार आहे. पण दादाची सुट्टी आठवड्यातून एकदाच असते. बाकीच्या दिवसांसाठी जिमखान्यामागच्या खोलीची किल्ली मिळाली, तर फार उपकार होतील.